शालीबरोबर तिची वहीही जपा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

५ सप्टेंबरचा शिक्षक दिन आणि ३ डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या कुठल्या ना कुठल्या विशेष शिक्षिकेच्या सत्काराची बातमी आपल्या पत्रात वाचायला मिळते. बाई ख्रिस्ती समाजातल्या असल्या तर रविवारी मिस्सा (कॅथलिकांची सामूहिक प्रार्थना) किंवा उपासना संपल्यावर चर्चच्या सभागृहातही त्यांचा गौरव होतो. मानपत्रात त्याग, सेवा आणि संयम हे तीन शब्द ठरलेले. ते खोटे नाहीत. पण बाई दिवसभर करतात काय, हे त्या शब्दांवरून कुणालाच कळत नाही. कळत नाही म्हणूनच त्या निवृत्त झाल्या की त्यांच्या जागी प्रेमळ स्वभावाची कुणीही चालेल, असे संस्थाचालकांपासून पालकांपर्यंत सगळ्यांना वाटते. आम्ही सीमाभागात विशेष मुलांबरोबर काम करणारे शिक्षक आणि अशा मुलांचे पालक आहोत. सहा दिवस वर्गात आणि सातव्या दिवशी चर्चच्या बाकावर अशी ज्यांची आयुष्ये गेली, त्यांच्या कामाची माहिती तपशिलाने द्यावी, म्हणून हे पत्र.

या कामाचा आधार म्हणजे एक वही. प्रत्येक मुलाची वेगळी. शाळा सुरू झाली की पहिले काही दिवस जाणती शिक्षिका शिकवायला घेतच नाही. मुलाला नुसते पाहते आणि नोंदी करते. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली एफएसीपी ही तपासणी-सूची अनेक विशेष शाळांत वापरतात. काही ठिकाणी मद्रासची एमडीपीएस वापरतात. तिच्यात १८ विभाग आणि प्रत्येकात २० अशी ३६० कौशल्ये आहेत. एफएसीपीमध्ये मुलाला एखादी गोष्ट 'येते' की 'येत नाही' एवढेच लिहून भागत नाही. स्वतःहून करतो, खूण केल्यावर करतो, तोंडी सांगितल्यावर करतो, हात धरून करवून घ्यावे लागते, अजिबात करत नाही, किंवा त्याला करायची संधीच मिळालेली नाही, अशा वेगवेगळ्या खुणा आहेत. त्यातली शेवटची खूण नवखी माणसे हमखास चुकवतात. घरात कधी चहा करू न दिलेल्या १४ वर्षांच्या मुलीपुढे 'येत नाही' असे लिहिले, की पुढची दोन वर्षे तिला कुणी चहा शिकवायला जात नाही. 'संधी मिळालेली नाही' असे लिहिले, तर तेच पुढच्या महिन्याचे उद्दिष्ट होते. एका पातळीवरची ८० टक्के कौशल्ये आली की मूल पुढच्या पातळीवर जाते. तोपर्यंत दर तिमाहीला पुन्हा तपासणी.

सीमाभागात याच टप्प्यावर सर्वांत मोठी चूक होते, आणि ती भाषेची असते. दोन पायऱ्यांची सूचना पाळता येते का, हे साधे कौशल्य घ्या. 'दार लाव आणि चप्पल आण' म्हटल्यावर खानापूर तालुक्यातले मराठी घरातले मूल दोन्ही कामे करील. तपासणाऱ्याने हेच 'बागिलु हाकु, चप्पली तगोंडु बा' असे कन्नडमधून सांगितले, तर त्याला चप्पल तेवढी कळते. तो चप्पल आणतो, दार तसेच राहते आणि कागदावर 'एकाच पायरीची सूचना समजते' अशी नोंद होते. मूल होते त्यापेक्षा अधिक दिव्यांग ठरते. अशी नोंद एकदा फाइलीत गेली की ती पुढच्या प्रत्येक फाइलीत उतरते. निपाणी-चिकोडीकडे घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाला मराठी शाळेत तपासले, की याच्या बरोबर उलटे होते. याला उपाय नाही असे नाही. बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात याच मुलखासाठी कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत बसवली होती. जे तेव्हा सुचले ते आज रोजच्या व्यवहारात का नसावे? तपासणी घरच्या भाषेत, घरातले एक माणूस शेजारी बसवून, आणि कोणत्या भाषेत विचारले ते कागदावर लिहून, एवढे केले तरी पुष्कळ अन्याय टळेल.

तपासणीनंतर उद्दिष्टे. 'स्वावलंबन वाढावे' हे उद्दिष्ट नव्हे, कारण ते साधले की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. 'मधल्या सुट्टीत डबा स्वतः उघडून, न सांडता, पाचपैकी चार वेळा जेवेल' हे उद्दिष्ट. मग त्याचे तुकडे पाडायचे. शौचाच्या सवयीचे उदाहरण देतो, कारण घरोघरी आया याच एका गोष्टीने सर्वांत जास्त दमलेल्या असतात. आधी आठ-दहा दिवस दर अर्ध्या तासाने कपडे कोरडे की ओले एवढेच लिहायचे. बहुतेक मुलांची एक वेळ सापडते, उदाहरणार्थ, पाणी प्याल्यावर सुमारे पाऊण तासाने. मग त्या वेळेच्या दहा मिनिटे आधी मुलाला न्यायचे, चार-पाच मिनिटे बसवायचे, झाले तर लगेच शाबासकी, नाही झाले तर न रागावता परत आणायचे. चड्डी इलास्टिकची हवी. नाडी किंवा हुक सोडेपर्यंत वेळ निघून जाते आणि मुलाला वाटते आपल्याला जमत नाही. शाळेत एक खूण आणि घरी दुसरी असेल तर महिनोन्‌महिने प्रगती होत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात आई, आजी आणि शिक्षिका तिघींनी एकच खूण ठरवायची. सर्वांत जास्त बिघडते ते सुट्टीत. मे महिन्यात मूल मामाकडे जाते, तिथे कुणी नोंद ठेवत नाही, आणि शाळा उघडल्यावर सगळे पहिल्यापासून.

वाचनाचेही तसेच. तीव्र बौद्धिक दिव्यांग मुलाला बाराखडी पूर्ण करायला लावण्यात वर्षे घालवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याला कामापुरते शब्द अख्खे, चित्रासारखे ओळखायला शिकवावेत. आपल्या भागात ही यादी दोन लिप्यांत करावी लागते. मूल देवनागरीत 'खानापूर' ओळखते, पण बसच्या पाटीवर तेच कन्नड लिपीत असते. स्वच्छतागृहावर 'पुरुषरु', 'महिळेयरु' आणि विजेच्या डब्यावर 'अपाय' हेही कन्नडमध्ये. मुलाने हे शब्द ओळखले तरच ते एकटे बाजारात जाऊ शकेल. वर्षाला दहा-बारा शब्द पुरेत, पण ते खऱ्या पाटीचा फोटो काढून, त्याच रंगात. पैशांसाठीही खेळण्यातली नाणी नकोत, खरी नाणी आणि नोटा हव्यात. आपल्याकडे काही दुकानदार दहाचे नाणे घ्यायला का-कू करतात, तेव्हा दहाची नोट आणि दहाचे नाणे दोन्ही शिकवावीत आणि नाणे नाकारले तर काय करायचे, हेही बेळगावच्या गणपत गल्लीच्या बाजारात नेऊन प्रत्यक्ष करून घ्यावे.

साहित्याची अडचण इथे फार जाणवते. महाराष्ट्रात मराठीत तयार झालेली विशेष शिक्षणाची पुस्तके कर्नाटकच्या अभ्यासक्रमाशी जुळत नाहीत, आणि कर्नाटकात तयार होते ते बहुतेक कन्नडमध्ये असते. कर्नाटकची मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके सरकार छापते, पण त्यांची सोपी आवृत्ती शिक्षिकेलाच हाताने करावी लागते. मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहायचे, एका पानावर एकच चित्र, वाक्य पाच-सहा शब्दांचे. रात्री जेवणानंतर चालणारे हे काम कुठल्याही हजेरीपटात दिसत नाही.

आता रविवार. अमृतसरला १८८७ मध्ये ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी अंधांसाठी सुरू केलेली शाळा देशातली पहिली मानतात. अंधांच्या ब्रेल लिपीचा जनक लुई ब्रेल स्वतः पॅरिसच्या अंधशाळेत शिक्षक होता आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे. म्हणजे या कामाचे आणि चर्चचे नाते जुने आहे. तरीही ज्या शिक्षिका वर्षानुवर्षे नेमाने चर्चला जातात, त्यांनी वर्गात धर्म आणलेला आम्ही पाहिला नाही. त्यांच्या वर्गात मराठा, लिंगायत, मुस्लिम, जैन, सगळ्या घरची मुले असतात आणि गणपतीच्या मोदकांपासून नाताळच्या करंज्यांपर्यंत सगळ्यांचे सण होतात. उलट वर्गातली विद्या मात्र त्या चर्चमध्ये घेऊन जातात, आणि ही गोष्ट सर्व धर्मगुरूंनी आणि पाळकांनी नीट पाहावी असे आम्हाला वाटते.

विशेष मूल असलेले कुटुंब हळूहळू चर्चला यायचे बंद होते. मूल ओरडते, लोक वळून पाहतात, आई मान खाली घालून बाहेर जाते. पुढच्या रविवारी नवरा-बायको आळीपाळीने येतात आणि काही महिन्यांनी तेही नाही. यावर 'समाजाने सहानुभूती दाखवावी' हे उत्तर अपुरे आहे. मूल का ओरडते ते आधी पाहायला हवे. वर्गातली रीत अशी की तीन गोष्टी लिहायच्या: आधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर त्याला काय मिळाले. पुष्कळदा असे दिसते की प्रवचन लांबले, मूल ओरडले, त्याला बाहेर नेले आणि गप्प करायला बिस्कीट दिले. ओरडले की सुटका आणि वर बिस्कीट, हे ते दोन रविवारांत शिकते. ते कुठल्या मिनिटाला अस्वस्थ होते हे घड्याळ लावून पाहावे आणि त्याच्या थोडे आधी, शांत असतानाच, 'बाहेर' असे चित्र असलेले कार्ड त्याच्या हातात देऊन बाहेर न्यावे. पाच मिनिटांनी परत आत. बाहेर खाऊ नाही, खाऊ शेवटच्या गाण्यानंतर. बाहेर जाण्यासाठी कार्ड दाखवायचे हे त्याला कळले की ओरडायची गरज कमी होते.

अनेक स्वमग्न मुलांना ढोलकीचा, स्पीकरचा आवाज आणि धूप सहन होत नाही. त्यांना आधी आठवड्यातल्या एखाद्या दुपारी रिकाम्या चर्चमध्ये आणावे, बाक, वेदी, दार सगळे हात लावून पाहू द्यावे. दुसऱ्या वेळी फक्त शेवटची दहा मिनिटे, मग हळूहळू वेळ वाढवावी. जागा दर वेळी तीच, बाजूच्या दाराजवळ, स्पीकरपासून दूर. क्रूसाची खूण करणे, बसणे, उभे राहणे, गुडघे टेकणे, 'आमच्या बापा', रांगेत जाणे, घरी जाणे, अशी सात-आठ चित्रांची पट्टी हातात द्यावी आणि एकेक झाले की चित्र उलटे करावे. आपल्या भागात मिस्सा मराठी, कोकणी, कन्नड, इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांत होते. या मुलांना दर आठवड्याला वेगळ्या भाषेच्या मिस्सेला नेऊ नये. घरात प्रार्थना ज्या भाषेत होते तीच धरावी. (गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीपुढे नेल्या जाणाऱ्या मुलांनाही आवाजाचा हाच त्रास होतो, हे सर्वच पालकांनी ध्यानात घ्यावे.)

क्रूसाची खूण शिकवताना एक चूक सर्रास होते. शिकवणारी व्यक्ती मुलासमोर उभी राहते आणि मूल आरशातल्यासारखे करते, त्यामुळे डाव्या खांद्याआधी उजवा येतो. मुलाच्या मागे किंवा शेजारी उभे राहून त्याचाच उजवा हात धरावा. कपाळ, छाती, डावा खांदा इथपर्यंत आपण हात न्यावा आणि शेवटचा उजवा खांदा त्याला स्वतः करू द्यावा. ते जमले की शेवटचे दोन, मग तीन. शेवटून सुरुवात केल्याने प्रत्येक वेळी काम त्याच्या हाताने पूर्ण होते आणि त्याला त्याचा आनंद मिळतो.

पहिल्या ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकरीचा पापुद्रा प्रथमच घेण्याची, तयारी सहा महिने आधी सुरू करावी. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायद्यातील ७७७ वे कलम सांगते की शरीराने किंवा मनाने दिव्यांग असलेल्यांनाही त्यांच्या स्थितीला झेपेल तेवढे धर्मशिक्षण मिळेल, हे धर्मगुरूंनी पाहायचे आहे. सगळे प्रश्नोत्तर पाठ होईपर्यंत मुलाला थांबवणे या कलमाच्या भावनेत बसत नाही. साध्या भाकरीपेक्षा ही भाकर वेगळी आहे, इतके त्याने आपल्या परीने दाखवले तर ते समजून घेणारी नजर हवी, आणि ती नजर बहुधा विशेष शिक्षिकेकडे असते. तिला त्या निर्णयात बोलवा. प्रत्यक्ष अडचण वेगळीच येते: पातळ पापुद्रा टाळूला चिकटतो आणि मूल घाबरून थुंकते. म्हणून अभिषेक न झालेल्या तशाच पापुद्र्याचा छोटा तुकडा देऊन आधी सराव करावा. मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांना गिळताना ठसका लागण्याचा धोका असतो. त्यांना ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, अगदी लहान कण द्यावा. डोके मागे टेकलेले असताना तोंडात काहीही घालू नये. धर्मगुरूंना हे आदल्या दिवशी सांगून ठेवावे.

फिट येणाऱ्या मुलांच्या बाबतीत उपवासकाळ, यात्रा आणि मध्यरात्रीची मिस्सा या तीन वेळा जपण्याच्या. जागरण झाले, औषधाची वेळ चुकली की फिट येऊ शकते. आली तर मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवावे, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, हातपाय दाबून धरू नयेत. पाच मिनिटांवर गेली तर १०८ ला फोन.

चर्चच्या पायऱ्यांचेही सांगायला हवे. उतारासाठी प्रमाण १ : १२ आहे. पायऱ्या तीन आणि प्रत्येक १५ सेंटिमीटरची असली, तर उंची ४५ सेंटिमीटर आणि उतार किमान ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब हवा. प्रत्यक्षात उरलेल्या सिमेंटचा दीड-दोन मीटरचा खडा उतार केला जातो, आणि तो गुळगुळीत घोटला जातो. खानापूरच्या पावसात त्यावर शेवाळ धरते आणि चाकाची खुर्ची ढकलणारी आईच घसरते. रुंदी १२० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना कठडा, आणि पृष्ठभागावर आडव्या रेघा ओढलेल्या असाव्यात. हीच मापे देवळांना, मशिदींना आणि मराठी शाळांनाही लागू.

हे सगळे एखाद्या शिक्षिकेला कसे माहीत असते? वर्षानुवर्षांच्या नोंदींतून. तिच्याकडे पुनर्वास परिषदेची नोंदणी असते आणि ती टिकवायला सतत प्रशिक्षणे करावी लागतात. त्याबदल्यात पुष्कळदा तिला तुटपुंजे मानधन मिळते, तेही वेळेवर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सर्वसाधारण शाळांसाठी प्राथमिकला दहा आणि त्यावरच्या वर्गांना पंधरा विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. सीमाभागातल्या एखाद्या संसाधन शिक्षकाने दिवसभरात एका टोकाच्या गावाहून दुसऱ्या टोकाच्या गावी जायचे, ही आजची पद्धत त्या प्रमाणाच्या जवळपासही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तो मागायचा कुणाकडे हे पालकांना सांगणारी व्यक्ती बहुतेक वेळा हीच शिक्षिका असते. मूल १८ चे झाले की नॅशनल ट्रस्टच्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करायचा, एक लाखापर्यंतच्या निरामय विमा योजनेत नाव घालायचे, दहावीच्या परीक्षेला मराठी प्रश्नपत्रिका वाचता येणारा लेखनिक शोधून त्याची परवानगी परीक्षा तोंडावर येण्याआधीच काढायची, तासाला २० मिनिटे जादा वेळ मागायचा, हेही तीच सांगते.

आणि मग ती निवृत्त होते. शुक्रवारी सत्कार, सोमवारी नवीन व्यक्ती, आणि वह्यांचा गठ्ठा कपाटावर. कोणत्या मुलाला कुठल्या गाण्याने शांत वाटते, कोण पाण्याला घाबरते, कुणाची कितवी पायरी चालू होती, हे नव्या शिक्षिकेला ठाऊक नसते. ती सगळ्यांना पुन्हा पहिल्या पायरीवर आणते. मुलांचे सहा-सहा महिने वाया जातात, काहींनी मिळवलेली कौशल्ये तर पुन्हा येतच नाहीत.

म्हणून बेळगाव आणि चिकोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांना, विशेष शाळांच्या संस्थांना आणि चर्चच्या समित्यांना आमची विनंती आहे. विशेष शिक्षिका निवृत्त होण्याआधी किमान दोन महिने नव्या व्यक्तीची नेमणूक करावी. पहिल्या महिन्यात जुन्या बाई शिकवतील आणि नव्या नोंदी घेतील, दुसऱ्या महिन्यात उलट. प्रत्येक मुलाचे एक पान घरच्या भाषेत लिहून त्याची प्रत पालकांना द्यावी: चालू उद्दिष्ट, कितवी पायरी, कोणती मदत लागते, काय आवडते, काय टाळावे, औषध आणि त्याची वेळ. मराठी माध्यमाच्या मुलांची तपासणी मराठीतच व्हावी. चर्चमध्ये रविवारच्या शाळेच्या दोन तरुण शिक्षकांनी अशा बाईंबरोबर एक वर्ष बसावे आणि चित्रांच्या पट्ट्या, कार्डे, सरावाची पद्धत शिकून घ्यावी. या डिसेंबरच्या सत्कारात बाईंच्या हाती शाल देताना त्यांच्याकडून वह्यांच्या प्रतीही घ्याव्यात. झेरॉक्सचा खर्च संस्थेने करावा.

आपले,
बेळगाव, खानापूर व निपाणी परिसरातील काही विशेष शिक्षक आणि पालक